घोड्याचं चित्र असलेली पुडी

ती पुडी मी पहिल्यांदा सारंगखेड्याच्या यात्रेत पाहिली. आठवीत होतो. दत्तजयंतीला तापीच्या काठावर एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. आम्ही शहाद्याकडची पोरं दरवर्षी घोडे बघायला जायचो. बाजाराच्या कडेला एका तंबूत बरण्या मांडलेल्या होत्या, मुळ्या टांगलेल्या होत्या आणि एक माणूस माइकवर ओरडत होता. "लहान मुलांनी पुढे चला" असं तो म्हणाला, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. समोर पंचवीस-तीस पुरुष उभे होते. एकही हसत नव्हता. तो विकत होता त्या पुडीवर उधळलेल्या घोड्याचं चित्र होतं. खरे घोडे पन्नास पावलांवर शांतपणे कडबा खात होते.

तो सन्नाटा मला पंधरा वर्षांनी कळला. मी सत्ताविसाव्या वर्षी लग्न केलं, पुण्यात फ्लॅट भाड्याने घेतला आणि तिसऱ्या आठवड्यात त्या तंबूसमोरच्या गर्दीत जाऊन उभा राहिलो. फरक इतकाच की माझा तंबू मोबाइलमध्ये होता. रात्री दोन वाजता, इनकॉग्निटो विंडोमध्ये, ब्राइटनेस कमी करून मी शोधत होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसपासून लांबच्या एका मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने वय विचारलं नाही, चिठ्ठी मागितली नाही, दुसरं कोणतं औषध चालू आहे का हेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पन्नास की शंभर?" मी शंभर म्हणालो. अशा वेळी कोण पन्नास म्हणेल?

हा लेख त्या एका प्रश्नाविरुद्ध आहे. कारण या विषयावर आपल्याकडे पुरुषाला विचारला जाणारा तो बहुतेक वेळा एकमेव प्रश्न असतो.

आधी शब्दांचा निकाल लावू. मराठीत या अडचणीला जे शब्द आहेत ते सगळे शिव्या आहेत. नामर्द, नपुंसक, षंढ, 'त्याच्यात दम नाही'. गुडघा दुखतो त्याला कुणी 'ना-माणूस' म्हणत नाही. चष्मा लागला म्हणून कुणाचं पुरुषपण जात नाही. पण एका अवयवात रक्त वेळेवर पोचलं नाही की अख्खा माणूस रद्द. आजाराचं नाव आणि अपमानाचं नाव एकच असेल, तर डॉक्टरसमोर तोंड उघडणं म्हणजे स्वतःलाच शिवी देणं. मग माणूस डॉक्टरकडे जात नाही, तंबूकडे जातो. तंबूवाल्याला काही सांगावं लागत नाही, तोच सगळं बोलतो.

आणि तो काय बोलतो? ताकद. जोश. पोलाद. घोडा. सगळी भाषा जोर लावण्याची. गंमत अशी की शरीरशास्त्र याच्या नेमकं उलट सांगतं.

लिंगाच्या आत स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांतले बारीक स्नायू आवळलेले असतात, म्हणून आत रक्त कमी असतं. इच्छा जागी झाली की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्या निरोपाने ते स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं, फुगलेल्या नळ्यांमुळे परतीच्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त आतच राहतं. म्हणजे ताठरता स्नायू आवळून येत नाही, स्नायू सैल सोडून येते. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना असा निरोप देतो, या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला परवानगी मिळाली. मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी तपासलं जाणारं हे औषध तो निरोप लवकर पुसला जाऊ देत नाही, एवढंच करतं. निरोपच निघाला नसेल तर गोळी काय टिकवणार?

आता निरोप कधी निघत नाही ते बघा. भीती वाटली की शरीरात अॅड्रेनालिन वाढतं. वाघ समोर आला तर पळायला किंवा लढायला रक्त हातापायांत हवं, म्हणून हे रसायन लिंगातले स्नायू घट्ट आवळून धरतं. शरीराला खरा वाघ आणि 'आजही नाही झालं तर?' हा विचार यांतला फरक कळत नाही. त्यामुळे ज्या माणसाला आपण 'मर्द हो, जोर लाव' म्हणून आणखी घाबरवतो, त्याचं शरीर नेमकं तेच करतं जे घाबरलेल्या शरीराने करायचं असतं. घोड्याच्या चित्राची ही खरी लबाडी आहे. ते आधी धाक निर्माण करतं आणि मग त्या धाकावर पुडी विकतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून मला हे एका ओळखीच्या रोगासारखं दिसलं. चालू प्रोग्रॅमवर आपण इतकी नजर ठेवतो, दर पावलाला इतक्या नोंदी करायला लावतो, की त्या नोंदींच्या ओझ्यानेच प्रोग्रॅम अडकतो. मग आपण म्हणतो, बघा, बिघाड आहेच. बेडवर मी हेच करत होतो. बायको माझ्यासोबत होती आणि मी छताजवळ कुठेतरी बसून स्वतःची परीक्षा घेत होतो. झालं का? किती झालं? टिकेल का? अमेरिकेतल्या विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या जोडीने १९७०च्या आपल्या पुस्तकात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. स्वतःच्याच शृंगाराचा प्रेक्षक होणं. त्यांचा उपाय आजच्या बाजाराला परवडणारा नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. पहिले काही आठवडे संभोग बंद. दोघांनी आळीपाळीने एकमेकांना फक्त स्पर्श करायचा. लक्ष कुठे? तर त्वचा ऊन आहे की गार, खरखरीत आहे की मऊ, हात कुठे जड वाटतो, इकडे. काही साध्य करायचंच नाही. नापास होण्याची सोयच काढून टाकली की परीक्षार्थी घरी जातो आणि माणूस उरतो.

आज याला आपण सजगता म्हणतो. जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याला त्यासाठी अमेरिकेचं तिकीट काढायला नको; नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला १९७६पासून विपश्यनेचं केंद्र आहे आणि आपल्यातले कितीतरी जण तिथे दहा दिवस मौन पाळून आलेले असतात. श्वास येतो, जातो, बघायचं. विचार आला, आला. त्याला हाकलायचं नाही, त्याच्या मागे धावायचं नाही. ताठरतेच्या अडचणीवर हीच पद्धत वापरून कॅनडात एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१८मध्ये आला. त्यात पुरुष होते दहा. फक्त दहा. निष्कर्ष आशा वाटावी असे आहेत, पण दहा माणसांवरून कुणी तुम्हाला 'सजगतेने शंभर टक्के खात्रीशीर' असं विकत असेल तर त्याच्या पुडीवर घोडा नाही, कमळ आहे, एवढाच फरक.

आणि विकतातच. 'समग्र' हा शब्द आता तंबूवाल्यांनी पळवला आहे. नवे तंबू चकचकीत आहेत. गुलाबी-करडे रंग, छान फॉन्ट, 'तुमच्या प्रवासात आम्ही सोबत आहोत' असली वाक्यं, आणि शेवटी तीन महिन्यांचा डबा. शिलाजीत, अश्वगंधा, श्वासाचा व्हिडिओ फुकट. अमेरिकेचं औषध नियामक खातं वर्षानुवर्षं इशारे देत आहे की 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कितीतरी उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं. म्हणजे जडीबुटीचा गुण आला असं वाटतं, तेव्हा गुण गोळीचाच असू शकतो. फक्त किती मिलिग्रॅम, ते कुणालाच ठाऊक नसतं.

समग्र म्हणजे सगळं थोडं थोडं विकणं नव्हे. समग्र म्हणजे अख्ख्या माणसाकडे बघणं. ते कसं असतं हे मला एका साध्या फॅमिली डॉक्टरने दाखवलं. तिथे मला बायकोने नेलं. मी म्हणत होतो, "होईल आपोआप." ती म्हणाली, "तू रोज रात्री माझ्याकडे पाठ करून झोपतोस. मला वाटतं मीच तुला आवडत नाही. हे आपोआप कसं होईल?" मी इतके दिवस माझ्याच अपमानात इतका बुडालो होतो, की याच बेडवर दुसऱ्या कुणाचा अपमान होतोय हे मला दिसलंच नव्हतं.

डॉक्टरांनी शंभर-पन्नास काही विचारलं नाही. विचारलं, सकाळी उठताना ताठरता असते का? असते. मग नळ, टाकी, पाइप बहुधा ठीक आहेत. झोपेत, स्वप्नांच्या टप्प्यात निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते, तेव्हा परीक्षक झोपलेला असतो. झोप किती? अमेरिकेच्या वेळेचे कॉल, त्यामुळे चार-पाच तास. तंबाखू? हॉस्टेलपासून. कोणतं औषध चालू आहे? मन कसं आहे? मग त्यांनी दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा १५०, खालचा १००. पुन्हा मोजलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. वय अठ्ठावीस, आणि मला उच्च रक्तदाब होता. माझी अडचण मुख्यतः भीतीची होती असंच त्यांचं मत पडलं, पण त्या अडचणीसाठी गेलो नसतो तर हा दाब पुढची दहा वर्षं गुपचूप रक्तवाहिन्या खात बसला असता.

इथे माझा राग खरा सुरू होतो. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण एक ते दोन मिलिमीटर रुंद. हृदयाच्या तीन ते चार. चरबी, साखर, धूर आणि दाब यांनी वाहिन्या खराब व्हायला लागल्या की आधी कोण अडेल? बारीक नळी. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषाची ही अडचण अनेकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. शरीर दोन ते पाच वर्षं आधी दार वाजवतं, आणि आपण त्या दारावर 'गुप्तरोग' असा बोर्ड लावून ते बंद करतो. सुरत-भुसावळ लाइनवरच्या भिंती आठवा. या भिंतींवर हृदयरोगाची सर्वांत स्वस्त पूर्वसूचना रंगवलेली आहे, फक्त फोन नंबर चुकीच्या माणसाचा आहे.

त्या भिंती बेकायदा आहेत, हेही सांगून ठेवतो. १९५४चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला बंदी घालतो; पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. सत्तर वर्षं झाली. रंग उडाला की पुन्हा ताजा मारला जातो.

याउलट खरं उत्तर देणाऱ्याला आपण कोर्टात खेचलं. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लोक पत्रांतून लैंगिक प्रश्न विचारत, कर्वे सरळ उत्तरं देत. १९३४मध्ये मुंबईत त्या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील नसतं, असं त्यांनी मांडलं. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुडीवाल्याच्या भिंतीला चुना आणि कर्व्यांना दंड, हा आपला शंभर वर्षांचा हिशोब.

पण नंदुरबारच्या माणसाला हा हिशोब आणखी महाग पडतो, आणि ते पुण्या-मुंबईच्या कोणत्याही अॅपवर तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

आमच्या जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजात, सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. अडकल्या की असह्य वेदना. या आजारात पुरुषांना एक त्रास होतो ज्याबद्दल कुणी बोलत नाही: इच्छा नसताना आलेली, न उतरणारी, दुखणारी ताठरता. लिंगात गेलेलं रक्त बाहेर निघत नाही. चार तासांहून जास्त हे टिकलं तर ती इमर्जन्सी आहे, पोटात अपेंडिक्स फुटावं तशी. उशीर झाला तर आतला स्पंज मरतो आणि मग आयुष्यभर ताठरता येत नाही. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला रात्री हे झालं, तर तो कुणाला सांगेल? आईला? आश्रमशाळेच्या अधीक्षकाला? तो पांघरूण घेऊन सकाळची वाट बघेल. त्याचं भविष्य त्या पांघरुणाखाली जातं, लाजेमुळे.

दुसरी गोष्ट. सिल्डेनाफिल सिकलसेलच्या रुग्णांना फुप्फुसांच्या दाबासाठी देऊन पाहण्याची एक मोठी चाचणी २००९मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांना वेदनेच्या झटक्यांनी जास्त वेळा दवाखान्यात भरती व्हावं लागत होतं. आणि आमच्याकडे तीच गोळी, किंवा ती गुपचूप मिसळलेली पुडी, काही न विचारता हातात पडते.

इंजिनियरिंग कॉलेजमधला माझा एक मित्र धडगावकडचा. त्याला सिकलसेल आहे. लग्नानंतर महिन्याभरात तो वेदनांनी तळमळत भरती झाला, चार दिवस. डॉक्टरांना सांगितलं, शेतात ओझं उचललं. मला सहा महिन्यांनी फोनवर खरं सांगितलं, बाजारातून पुडी आणली होती. झटका पुडीमुळेच आला असं कुणी खात्रीने म्हणू शकत नाही; सिकलसेलला थंडी, ताप, कमी पाणी, काहीही पुरतं. पण डॉक्टरांना ती माहिती मिळायलाच हवी होती, आणि ती मिळाली नाही. मी विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाला, "भाऊ, बाजूच्या खाटेवर सासरचा माणूस होता."

काही वाचक म्हणतील, आदिवासी पोरांना आधी पोटाला मिळू दे, रस्ते होऊ देत, कुपोषण हटू दे, मग हे शहरी चोचले. मी हा आक्षेप गंभीरपणे घेतो, कारण पहिले तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण मूल झालं नाही तर भगताकडे कुणाला नेतात? बाईला. वांझ कुणाला म्हणतात? बाईला. सवत कुणावर येते? पुरुषाच्या न बोललेल्या अडचणीचं बिल घरोघरी बाई भरते. हा चोचला असेल तर तो फार जुना आणि फार महाग चोचला आहे. दुसरा आक्षेप, गोळी वाईट आहे का? नाही. डॉक्टरने तपासून दिलेली गोळी असंख्य लोकांना उपयोगी पडते. पण छातीत दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून 'पन्नास की शंभर'च्या आधी चार प्रश्न विचारायचे असतात.

मग करायचं काय? माझ्या मागण्या लहान आहेत.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी गावोगाव होते. आशाताई तंबाखू विचारतात, दारू विचारतात, कंबर मोजतात. त्यानंतर उपकेंद्रात पुरुषाला एकांतात एक प्रश्न विचारा: ताठरतेची काही अडचण आहे का? विचारणारा शक्यतो पुरुष कर्मचारी असावा. हो म्हणणाऱ्याची साखर आणि दाब नीट बघा. किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. तिथे आणि आश्रमशाळेत सिकलसेलच्या प्रत्येक मुलाला सांगा, चार तासांचा नियम काय आहे आणि रात्री कुणाला उठवायचं. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दुपार या ओपीडीला द्या आणि दारावर 'गुप्त' हा शब्द लिहू नका.

आणि आपण, मोबाइलवर हे वाचणारे? मला काय उपयोगी पडलं ते सांगतो. तंबाखू सोडली, दोनदा फसून तिसऱ्यांदा. रात्रीचे कॉल कमी करून घेतले. रोज चाळीस मिनिटं भरभर चालतो. आठवड्याला अशी चार वेळा, सहा महिने चालण्याने रक्तवाहिन्यांमुळे आलेल्या अडचणीत फरक पडतो, असं अभ्यास सांगतात. इटलीत स्थूल पुरुषांवर झालेल्या, २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार-व्यायामाने दोन वर्षांत जवळपास एक तृतीयांश पुरुषांची ताठरता पुन्हा सुरळीत झाली. दाबाची गोळी घेतो. आणि त्या काही आठवड्यांत, जेव्हा काही करायचंच नव्हतं, मला कळलं की बायकोच्या डाव्या खांद्यावर भाजल्याची जुनी खूण आहे. लग्नाला पाच महिने झाले होते. मी परीक्षेत इतका गुंतलो होतो, की तोवर ती मला दिसलीच नव्हती.

सगळं कायमचं ठीक झालं असं लिहून मी नवी पुडी विकणार नाही. कधी होतं, कधी होत नाही. झालं नाही तर आम्ही चहा करतो.

गेल्या दत्तजयंतीला मी पुन्हा सारंगखेड्याला गेलो. माइक नवा होता, आवाज तोच. समोर पुरुष तसेच गप्प उभे. त्यांत एक विशीचा मुलगा होता, हातात बारा महिन्यांचं पोर घेतल्यासारखी हेल्मेट धरून उभा. मी त्याच्याशेजारी जाऊन म्हणालो, "आधी बीपी मोजून घे. आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" तो दचकला. मग हळूच म्हणाला, "कुठे मोजतात?"

तंबूतल्या माणसाला त्याने अजून एकही प्रश्न विचारलेला नव्हता. मला विचारला.